भूमिका वठविणे आणि भूमिका घेणे : व्हिडिओ गेममधील 'रोल-प्लेइंग' या संकल्पनेची चिकित्सा

गोषवारा :
'रोल-प्लेइंग गेम' हे नाव व्हिडिओ गेमच्या बाजारात इतक्या भिन्न खेळांना लावले जाते, की त्यातून नेमका अर्थबोध होणे कठीण झाले आहे. पात्राचे वाढत जाणारे गुणांक, मोकळे विस्तीर्ण जग आणि दीर्घ कथानक ही या प्रकाराची रूढ लक्षणे मानली जातात. ही तिन्ही लक्षणे अपुरी आहेत असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मराठीतील 'भूमिका' या शब्दाच्या दोन अर्थांचा आधार घेऊन फरक, नकार आणि ठसा अशा तीन कसोट्या येथे मांडल्या आहेत. 'अल्टिमा ४' (१९८५) पासून 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) पर्यंतच्या काही निवडक खेळांवर त्या लावून पाहिल्या आहेत.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, भूमिकाखेळ, पात्र, गुणांक, निवड, परिणाम, नकार.

प्रस्तावना :
कादंबरी, नाटक, लघुकथा ही नावे उच्चारताच वाचकाच्या मनात काही अपेक्षा जाग्या होतात आणि कृतीचे मूल्यमापन बऱ्याच अंशी त्या अपेक्षांच्या आधारे होते. व्हिडिओ गेम या तुलनेने तरुण माध्यमात प्रकारांची नावे समीक्षकांनी दिलेली नाहीत. ती विक्रेत्यांनी, जाहिरातदारांनी आणि खेळाडूंनी व्यवहाराच्या ओघात रूढ केली आहेत. त्यांपैकी सर्वांत अधिक वादग्रस्त नाव म्हणजे 'रोल-प्लेइंग गेम' होय. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'भूमिकाखेळ' हा शब्द योजला आहे.

खरा भूमिकाखेळ कोणता, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वर्गीकरणाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी व्यक्तित्वाविषयीची एक धारणा आहे. माणूस म्हणजे त्याने साठविलेल्या शक्तींची बेरीज, की त्याने प्रसंगी केलेल्या निवडींची आणि सोडून दिलेल्या वाटांची गोळाबेरीज? भूमिकाखेळाची जी व्याख्या स्वीकारावी, तिच्यात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले असते. लक्षावधी तरुण ज्या कलाप्रकारात शेकडो तास घालवितात, तो त्यांच्यापुढे कोणते उत्तर ठेवतो, हे तपासणे म्हणूनच समीक्षेचे काम ठरते.

१. संज्ञेचा उगम :
भूमिकाखेळाचा जन्म युद्धखेळातून झाला. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने 'क्रिगस्पील' हा नकाशावर खेळावयाचा युद्धाभ्यास रूढ केला. त्यात दोन पक्षांखेरीज एक पंच असे. सेनानी आपले आदेश पंचाला कळवीत आणि त्यांचा परिणाम काय झाला हे पंच नियम, फासे आणि स्वतःची जाण यांच्या आधारे ठरवीत असे. या परंपरेला १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात वेगळे वळण मिळाले. डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाच्या कल्पित गावावर आधारलेला खेळ योजला आणि त्यात सेनापतींबरोबरच नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा व्यक्तींच्या जागा खेळाडूंना वाटून दिल्या. प्रत्येकाचा हेतू वेगळा असल्यामुळे खेळ पलटणींच्या हालचालींपुरता राहिला नाही. तो बोलणी, लबाडी आणि करारमदार यांचा झाला.

त्या मंडळात वावरलेले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स या दोघांनी मिळून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर 'रोल-प्लेइंग' हा शब्द नव्हता. त्याने स्वतःला युद्धखेळच म्हणवून घेतले होते. 'रोल-प्लेइंग' हे नाव खेळणाऱ्यांच्या अनुभवातून मागाहून रूढ झाले. या खेळात शक्ती, बुद्धिमत्ता, चापल्य अशा गुणांचे आकडे होते, पात्राची पातळी वाढविणारे अनुभवगुण होते आणि फासे होते. पण या साऱ्याच्या मध्यभागी पंच होता. पुढे त्याला 'डन्जन मास्टर' म्हटले जाऊ लागले. खेळाडूने पुस्तिकेत नसलेली एखादी कृती सुचविली तरी ती ऐकून घेणे, या पात्राला ती शक्य आहे का हे ठरविणे आणि शक्य असल्यास जगाकडून तिला उत्तर देणे हे त्याचे काम होते.

संगणकाने हा खेळ उचलला तो याच टप्प्यावर. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात विकसित झालेल्या 'प्लेटो' या व्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी त्याच्या प्राथमिक आवृत्त्या रचल्या. 'रोग' (१९८०), 'विझर्ड्री' (१९८१) आणि 'अल्टिमा' (१९८१) हे खेळ त्यानंतरचे. संगणकाला बेरीज-वजाबाकी क्षणार्धात जमत होती, परंतु पंचाचे ऐकणे आणि निवाडा करणे जमत नव्हते. परिणामी आकडे संगणकावर आले आणि पंच टेबलापाशीच राहिला. या ऐतिहासिक अपघातामुळे जे केवळ साधन होते ते प्रकाराचे लक्षण मानले गेले. आजच्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

२. रूढ लक्षणांची तपासणी :
भूमिकाखेळाच्या प्रचलित व्याख्या स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत.

*(अ) गुणांकांची वाढ :* ज्या खेळात पात्र अनुभवगुण मिळवून बलवान होत जाते तो भूमिकाखेळ, ही पहिली व्याख्या. १९९६ च्या अखेरीस आलेला 'डायब्लो' हे तिचे ठळक उदाहरण होय. त्यात योद्धा, धनुर्धारी स्त्री आणि मांत्रिक अशी तीन पात्रे आहेत. त्यांची हत्यारे व गुणांक भिन्न आहेत, तथापि गावकऱ्यांशी बोलताना कोणतीही निवड नाही. तिघांनाही एकाच तळघरात उतरून एकाच शत्रूला ठार करावयाचे आहे. येथे पात्र म्हणजे लढण्याची एक रीत आहे. शिवाय ही व्याख्या काळानेच निकामी केली आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी ४' (२००७) या बंदुकबाजीच्या खेळाने अनेकांनी मिळून खेळावयाच्या विभागात अनुभवगुण आणि पदोन्नती आणली. त्यानंतर क्रीडा, शर्यत, नेमबाजी अशा बहुतेक प्रकारांत पातळ्या शिरल्या. जे लक्षण सर्वत्र आढळते ते कोणत्याही एका प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण होऊ शकत नाही.

*(आ) मोकळे जग :* खेळाडूला वाटेल तिकडे जाता यावे, वाटेल ते करता यावे, ही दुसरी व्याख्या. तिचा विचार पुढे 'स्कायरिम'च्या संदर्भात विस्ताराने येईल. येथे एवढेच नोंदविणे पुरेसे आहे, की हिंडण्याचे स्वातंत्र्य आणि कोणीतरी असण्याचे स्वातंत्र्य या भिन्न गोष्टी आहेत.

*(इ) कथानक :* दीर्घ आणि भावोत्कट कथा ही तिसरी व्याख्या. जपानी परंपरा तिच्या आधाराला घेतली जाते. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' यांच्यापासून स्फूर्ती घेऊन युजी होरी यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) रचला. पाठोपाठ 'फायनल फँटसी' (१९८७) आला. या परंपरेतील 'फायनल फँटसी ७' (१९९७) मध्ये एरिथ या नायिकेचा मृत्यू खेळाडूने काहीही केले तरी टळत नाही, आणि त्या अटळपणातच त्या प्रसंगाचे सामर्थ्य आहे. या कलागुणाबद्दल शंका नाही. मात्र तेथे खेळाडू लढाया जिंकून पुढचे पान उलटतो. पानावर काय लिहिले आहे यात त्याचा वाटा नसतो.

३. 'भूमिका' : शब्दाचे दोन अर्थ आणि तीन कसोट्या :
इंग्रजीतील 'रोल' या शब्दाला मराठीत 'भूमिका' हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु मराठी शब्दाचा आवाका अधिक आहे. नट भूमिका वठवितो. त्याच भाषेत एखादा विचारवंत, पक्ष किंवा संपादक भूमिका घेतो. तो ती मांडतो, बदलतो, कधी तिच्यापायी किंमतही मोजतो. पहिल्या अर्थी भूमिका बाहेरून मिळते, दुसऱ्या अर्थी ती आतून येते. या दोहोंच्या अलीकडे मराठीत 'सोंग' हाही एक शब्द आहे. गावोगाव फिरणारा बहुरूपी आज पोलिसाचे, उद्या साधूचे सोंग आणतो. त्याचा वेष हुबेहूब असला तरी त्याने खरोखर कोणाला अटक करावी अशी कोणाची अपेक्षा नसते. सोंग उतरले की मागे काहीच उरत नाही.

या तीन शब्दांवरून खेळांची एक चढती भाजणी लावता येते. ज्यात पात्राचा वेष आणि हत्यार तेवढे बदलते तो सोंगाचा खेळ. ज्यात लेखकाने लिहिलेले पात्र खेळाडू शेवटपर्यंत निभावतो तो भूमिका वठविण्याचा खेळ. आणि ज्यात वठविता वठविता खेळाडूला भूमिका घ्यावी लागते तो खऱ्या अर्थाने भूमिकाखेळ. असे घडण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात :

१) फरक : पात्र कोण आहे यावरून तोच प्रसंग वेगळा उलगडला पाहिजे.
२) नकार : त्या पात्राला काही गोष्टी अशक्य असल्या पाहिजेत; एक वाट धरल्याने दुसरी बंद झाली पाहिजे.
३) ठसा : केलेल्या निवडीची आठवण जगाने ठेवली पाहिजे.

पंच जे तीन प्रकारे करीत असे, म्हणजे ऐकणे, अडविणे आणि लक्षात ठेवणे, त्याचीच ही तीन रूपे आहेत. ज्या खेळाने हे काम संगणकाकडून करवून घेतले त्याने टेबलापाशी राहिलेला पंच परत आणला, असे म्हणता येईल.

४. कसोट्यांचे उपयोजन :
*४.१ 'अल्टिमा ४' :* रिचर्ड गॅरियट यांच्या या खेळाचे उपशीर्षक 'क्वेस्ट ऑफ द अवतार' असे आहे. 'अवतार' हा संस्कृत शब्द व्हिडिओ गेमच्या परिभाषेत रुळविण्यात या खेळाचा वाटा मोठा आहे. खेळात मारण्याजोगा खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, आध्यात्मिकता आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणविणे हेच ध्येय आहे. प्रारंभी एक भटकी ज्योतिषीण सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुणांपैकी एकाची निवड करावी लागते आणि त्या उत्तरांवरून पात्राचा पेशा ठरतो. सदैव नम्रतेची बाजू घेणाऱ्याच्या वाट्याला मेंढपाळाचे दुबळे पात्र येते.

या खेळातील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. जादूची द्रव्ये विकणारी दुकानदारीण आंधळी आहे आणि किती नाणी द्यावयाची तो आकडा खेळाडूने स्वतः भरावयाचा आहे. कमी पैसे दिले तरी माल मिळतो, कोणी हटकत नाही. मात्र प्रामाणिकपणाच्या हिशेबात ती लबाडी गुपचूप नोंदली जाते. आकडा येथेही आहे, पण तो शक्तीचा नाही, वर्तनाचा आहे. आणि बराच काळ तो खेळाडूला दिसतही नाही.

*४.२ 'फॉलआउट' आणि 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' :* अणुयुद्धोत्तर अमेरिकेत घडणाऱ्या 'फॉलआउट'मध्ये (१९९७) पात्राला सात मूलभूत गुण आहेत. त्यांतील बुद्धिमत्ता अगदी खालच्या पातळीवर ठेवली तर पात्राला धड वाक्य बोलता येत नाही. ते हुंकार देते, लोक त्याच्याशी तुटकपणे वागतात आणि संवादातून मिळणारी अनेक कामे त्याला मिळतच नाहीत. आकडा येथे भाषेत उतरला आहे. फरक आणि नकार या दोन्ही कसोट्या एका रचनेत साधल्याचे हे उत्तम उदाहरण होय. खेळाच्या शेवटी 'मास्टर' हा प्रतिपक्षी साऱ्या मानवजातीचे रूपांतर महाकाय उत्परिवर्तितांत करू पाहतो. त्याला लढून हरविता येते. पण खेळाडूने आधी पुरावा मिळविला असेल आणि पात्राला वक्तृत्व असेल, तर ही नवी जात वंध्य आहे हे त्याला पटवून देता येते आणि तो स्वतःच स्वतःचा अंत करतो. समारोपात प्रत्येक वस्तीचे पुढे काय झाले हे सांगितले जाते. ज्या तळघर-वसाहतीसाठी नायकाने हे सारे केले तिचे दार मात्र त्याच्यासाठी कायमचे बंद होते.

दोन वर्षांनी आलेल्या 'प्लेनस्केप : टॉर्मेंट'ने (१९९९) ही दिशा पुढे नेली. स्मृती गमावलेला आणि मरण नाकारले गेलेला अनाम नायक आपल्याच पूर्वायुष्यांतील अपराधांचा माग काढतो. टाळता येणार नाहीत अशा लढाया अगदी थोड्या आहेत. शहाणपण आणि बुद्धिमत्ता हे गुण वाढविल्यास प्रहाराची ताकद वाढत नाही. विसरलेल्या गोष्टी आठवू लागतात आणि संवादांच्या नव्या वाटा खुल्या होतात.

*४.३ 'मोरोविंड' आणि 'स्कायरिम' :* एकाच निर्मितिसंस्थेच्या या दोन खेळांची तुलना नकाराची कसोटी स्पष्ट करते. 'मोरोविंड'मध्ये (२००२) तीन घराण्यांपैकी एकाच्या सेवेत गेले की उरलेल्या दोहोंचे दरवाजे बंद होतात. संघांत वरचे पद मिळविण्यासाठी त्या संघाला साजेशी कौशल्ये ठरावीक पातळीला न्यावी लागतात. मुख्य कथेला आवश्यक असलेल्या व्यक्तीलाही ठार मारता येते. भविष्यवाणीचा धागा तुटला अशी सूचना तेवढी मिळते आणि खेळाडूला त्या बिघडलेल्या जगात पुढे खेळता येते.

'स्कायरिम'मध्ये (२०११) जग अधिक देखणे आहे, पण ते क्वचितच नाही म्हणते. एकच पात्र वीरांच्या संघाचे प्रमुख, चोरांच्या संघाचे प्रमुख, मारेकऱ्यांच्या गुप्त संघटनेचे प्रमुख आणि जुजबी मंत्रविद्येच्या जोरावर विद्यापीठाचे कुलगुरूही होऊ शकते. चोरांचा म्होरक्या कुलगुरू झाला याचे त्या जगात कोणाला विशेष वाटत नाही. कथेला हव्या असलेल्या अनेक व्यक्तींना मरणच येत नाही. त्या गुडघ्यावर बसतात आणि पुन्हा उठतात. जो सर्व काही होऊ शकतो त्याला काहीच व्हावे लागत नाही. 'स्कायरिम' हा मनोवेधक भटकंतीचा खेळ आहे. भूमिकाखेळ म्हणून मात्र तो आपल्या पूर्वजापेक्षा दुबळा आहे. याच संस्थेच्या 'फॉलआउट ४'मध्ये (२०१५) ही घसरण संवादापर्यंत पोहोचली. तेथे खेळाडूपुढे बहुधा चार त्रोटक पर्याय येतात, आणि पात्राचा पूर्वेतिहास व आवाज आधीच ठरलेला असतो.

*४.४ 'द विचर ३' :* पूर्वनिश्चित पात्र म्हणजे भूमिकेचा अभाव, असा निष्कर्ष वरील विवेचनातून कोणी काढील. तो बरोबर नाही. आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवर आधारलेल्या 'द विचर ३'मध्ये (२०१५) गेराल्टचे नाव, वय, पेशा, आवाज सारे ठरलेले आहे. तरीही त्याने काय करावे हे खेळाडूला ठरवावे लागते. एका प्राचीन वृक्षात कोंडलेल्या शक्तीला मुक्त केले तर दलदलीतील अनाथ मुले वाचतात, पण जवळचे गाव उद्ध्वस्त होते. तिला नष्ट केले तर गाव राहते आणि मुले जातात. शिवाय कथेचा शेवट युद्धातील पराक्रमावर अवलंबून नाही. मानसकन्या सिरी खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे खेळणे, तिला एकटीने बैठकीला जाऊ देणे, अशा वरकरणी किरकोळ प्रसंगांवर तो अवलंबून आहे. लिहिलेले पात्र वठवीत असतानाही भूमिका घ्यावी लागते, याचा हा पुरावा होय.

*४.५ 'अंडरटेल' आणि 'डिस्को एलिसियम' :* टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल'ने (२०१५) अनुभवगुण या रूढ संकेतालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. प्रत्येक शत्रूला जीवदान देत खेळणारा खेळाडू शेवटपर्यंत पहिल्याच पातळीवर राहतो. ज्यांना पातळी समजावे ते आकडे प्रत्यक्षात हिंसेची मोजदाद होती, हे त्याला उशिरा सांगितले जाते. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला तरी आधीच्या खेपेतील हत्या तो पुरत्या विसरत नाही.

एस्टोनियातील लेखक-कलावंतांच्या गटाने रचलेला 'डिस्को एलिसियम' (२०१९) तिन्ही कसोट्यांना सर्वाधिक उतरतो. मद्याच्या अंमलात स्वतःचे नावही विसरलेला एक गुप्तहेर एका खुनाचा तपास करतो. परंपरागत लढाई नाही. बुद्धी, मन, शरीर आणि चपळाई या चार वर्गांत विभागलेली २४ कौशल्ये त्याच्या डोक्यात आवाज बनून बोलतात. ती सल्ला देतात, भांडतात, प्रसंगी दिशाभूलही करतात. एखादे कौशल्य अतिरेकी वाढविले तर त्याचा आवाज इतरांना दाबू लागतो. शरीरगुण अत्यल्प ठेवला तर आरंभीच छताच्या पंख्यावरून गळपट्टा काढताना हृदय बंद पडून खेळ संपू शकतो. दोन फाशांवर ठरणाऱ्या कसोट्यांत आलेले अपयशही पुष्कळदा कथेला नवी आणि अधिक मानवी वाट देते. नायक राजकारणाविषयी जे जे बोलतो त्याची नोंद ठेवून खेळ त्याच्यापुढे एक विचारसरणी ठेवतो आणि ती त्याची म्हणून स्वीकारतो का, असे विचारतो. येथे 'भूमिका घेणे' हा मराठी वाक्प्रचार शब्दशः खरा होतो.

*४.६ 'बाल्डर्स गेट ३' :* बेल्जियममधील लॅरियन या संस्थेचा हा खेळ (२०२३) मूळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे. पात्राचा वंश आणि पेशा यांनुसार संवाद बदलतात. सोबती प्रत्येक कृतीवर संतोष किंवा नाराजी दर्शवितात. पहिल्या भागात आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर हल्ला करणाऱ्यांना साथ दिली, तर विल आणि कार्लाख हे सोबती निघून जातात. लढाईतील दोन बलवान साथीदार गमावणे ही त्या भूमिकेची किंमत होय. अशा मागणीपूर्ण रचनेला मोठा वाचक, अर्थात खेळाडू, लाभत नाही हा समजही या खेळाच्या यशाने खोटा ठरविला.

५. काही आक्षेप :
पहिला आक्षेप असा, की भूमिका खेळाडूच्या मनात असते. 'स्कायरिम'मध्येही तो स्वतःवर बंधने घालून घेऊ शकतो. मी चोरी करणार नाही, असे ठरवून तो महिनोन् महिने खेळू शकतो. हे खरे आहे, आणि अनेक खेळाडू तसे करतात. परंतु अशा वेळी श्रेय खेळाडूच्या कल्पनेचे आहे. जगाला त्याच्या व्रताचा पत्ता नसतो. समीक्षेचा विषय खेळ हा आहे, त्यामुळे साक्षीदार कोण होते, हे पाहावेच लागते.

दुसरा आक्षेप निर्मितीच्या अर्थकारणाचा आहे. प्रत्येक नकार आणि प्रत्येक फाटा म्हणजे बहुसंख्य खेळाडू कधीच पाहणार नाहीत असे लेखन, चित्रण आणि ध्वनिमुद्रण. संवाद केवळ मजकुराच्या स्वरूपात होते तेव्हा एक पर्याय वाढविणे स्वस्त होते. प्रत्येक वाक्य नटाच्या आवाजात आणि चेहऱ्याच्या हालचालींसह येऊ लागले तेव्हा ते महाग झाले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. ही अडचण खरी असली तरी ती घसरणीचे कारण सांगते, समर्थन करीत नाही. 'डिस्को एलिसियम'सारख्या लहान गटाच्या खेळाने शब्दांवर भर देऊन तिच्यातून मार्ग काढला आहे.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे. निवड म्हणजे भूमिका असे मानले, तर चांगले-वाईट असा गुणफलक लावणारे खेळ आपोआप श्रेष्ठ ठरतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. 'मास इफेक्ट २'मध्ये (२०१०) सौम्य किंवा कठोर वर्तनाचे गुण साठत जातात आणि पुरेसे गुण असल्याशिवाय काही महत्त्वाचे पर्याय उघडत नाहीत. परिणामी खेळाडू प्रसंगाचा विचार सोडून सतत एकाच रंगाचे उत्तर निवडू लागतो. भूमिका पुन्हा साठवणूक बनते. फलकावर दिसणारे पुण्य आणि आंधळ्या दुकानदारणीपुढची नाणी यांतील अंतर ते हेच.

६. बोलणारे यंत्र आणि नव्या वाटा :
भाषा हाताळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पंचाचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. २०१९ मध्ये आलेल्या 'एआय डन्जन'मध्ये खेळाडू वाटेल ते वाक्य टंकू शकतो आणि यंत्र कथा पुढे नेते. ऐकणे हे पंचाचे पहिले काम यंत्राला अखेर जमू लागले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु खेळाडूने खिशातून तलवार काढली म्हटले की तलवार निघते, राजा झालो म्हटले की राज्य मिळते. अशा रचनेत अडविण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे काम लंगडे पडते. होकाराला सीमा नसेल तर भूमिकेलाही आकार येत नाही. 'स्कायरिम'विषयी काढलेला निष्कर्ष वेगळ्या वाटेने येथेही लागू होतो.

भारतीय निर्मितीच्या संदर्भातही ही चर्चा उपयुक्त ठरावी. पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेच्या 'राजी' (२०२०) या खेळाने भारतीय पुराणकथा, वास्तू आणि वेषभूषा जागतिक पडद्यावर नेली. तो साहसप्रधान खेळ आहे आणि भूमिकाखेळ असल्याचा त्याचा दावाही नाही. परंतु त्या पायावर पुढे कोणी भूमिकाखेळ रचू पाहील, तर आयुधे आणि देवता यांच्याबरोबरच जात, नाते, शब्द, ऋण अशा कोणत्या गोष्टी पात्राला अडवितात आणि घडवितात, याचा विचार त्याला करावा लागेल.

निष्कर्ष :
१) गुणांक, मोकळे जग आणि दीर्घ कथा ही भूमिकाखेळाची साधने असू शकतात, ती त्याची व्यवच्छेदक लक्षणे नाहीत.
२) संगणकाने टेबलावरील खेळातून आकडे घेतले आणि पंच मागे राहिला, यातून संज्ञेचा गोंधळ उद्भवला.
३) फरक, नकार आणि ठसा या तीन कसोट्या पंचाचे हरवलेले कार्य दर्शवितात आणि खेळांची तुलना करण्यास उपयोगी पडतात.
४) पात्र खेळाडूने घडविलेले असो वा लेखकाने लिहिलेले, त्याने भूमिका ठरत नाही, प्रसंगी भूमिका घ्यावी लागते की नाही, हे निर्णायक आहे.
५) नकार ही खेळाडूच्या स्वातंत्र्यातील उणीव नसून त्याच्या निवडीला अर्थ देणारी अट आहे.

या कसोट्या लावल्याने काही लोकप्रिय खेळ या प्रकाराबाहेर पडतात, तर काही काठावर राहतात. व्यवहारात त्यांना लावलेले नाव बदलणार नाही आणि बदलण्याची गरजही नाही. समीक्षेला मात्र खेळाच्या वेष्टनावरील शब्द आणि खेळातील अनुभव यांत भेद करावा लागतो. आंधळ्या दुकानदारणीपुढे किती नाणी ठेवावयाची, हा चार दशकांपूर्वीचा साधा प्रश्न आजच्या कितीतरी भव्य खेळांना विचारता येत नाही. तो ज्या खेळाला विचारता येतो, आणि ज्याला उत्तर लक्षात राहते, तो भूमिकाखेळ होय.